एक माल, एक जागा

रविवार, २ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही. उद्या कुणी विचारलंच, की मढव्यांच्या घरात स्वतःचा सर्व्हर कसा उभा राहिला, तर तारखांसकट पुरावा असावा, एवढंच.

कारण: काल मोबाईलवर पुन्हा तोच मेसेज. जागा संपत आली, जागा विकत घ्या. का म्हणून घ्यायची? कोलशेतला आमची मिठागरं होती, भातशेती होती. आता त्यावर टॉवर. आमच्याच बांधावर राहणारे लोक सोळाव्या मजल्यावरून आमच्या घराचे पत्रे बघतात. जमीन गेली ती गेली. फोटो तरी परक्याच्या गोदामात ठेवणार नाही.

संकल्प: घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ आपल्या सर्व्हरवर. लिनक्स. आपलं ॲप, आपली डिस्क, आपली खोली. सगळ्यांनी आपापल्या फोनवरून बघायचं. मुदत: देवयानीच्या लग्नाआधी. लेकीचं लग्न २२ फेब्रुवारीला, मांडव २० ला. वेळच वेळ आहे.

सर्वांत महत्त्वाचा माल: आई. आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावणारी. चाळीस वर्षं तिने कोलशेतपासून खडवलीपर्यंत लग्नं लावली, आणि नातीच्या लग्नाआधी गेली. मे महिन्यात. बाबांची एकच इच्छा आहे. देवयानीच्या मांडवात भटजीच्या आधी तुळसाचा आवाज पायजे.

रेकॉर्डिंग जगात तीनच. बाबांच्या फोनवर एक, सव्वाचार मिनिटांचं. माझी बहीण निशा कोपरीला असते, तिच्याकडे दोन. बास.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.३०
कंपनीतल्या सुश्रुतला प्लॅन सांगितला. हा आमच्या आयटीचा. डोंबिवलीचा. सावकाश, शुद्ध बोलतो, पोथी वाचल्यासारखा. त्याने विचारलं, बॅकअप कुठे घेणार? प्रत्येक गोष्टीच्या किमान तीन प्रती असाव्यात, त्यातली एक घराबाहेर.

हसू आलं. मी बावीस वर्षं स्टोअर्स इन-चार्ज आहे. एकच ड्रम तीन ठिकाणी दाखवला तर ऑडिटर मला चौथ्या ठिकाणी पाठवेल. स्टोअर्सचा पहिला नियम: एक माल, एक जागा. आयटीवाल्यांना शिस्तच नाही.

सुश्रुत बरं म्हणाला. पटलं असावं.

शनिवार, ८ नोव्हेंबर. दुपारी १.००
लिनक्स बसलं! तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या दोन वेळा बसलेलं, पण मी उठवलं.

मशीन: भावकीतल्या एकाचा जुना डेस्कटॉप. त्यात एक छोटी नवी डिस्क, सिस्टिमसाठी. आणि एक मोठी जुनी, मालासाठी. मोठी कुठून आली ते लिहीत नाही. स्क्रॅपमध्ये चाललेली होती. जुनं ते सोनं.

जागा: बाबांची खोली. तिथे आईचा पलंग होता, तो काढल्यापासून कोपरा रिकामाच आहे. बाबांनी विचारलं, पेटीन काय ठेवतंस, पोरा? म्हटलं, आईला. बाबा बराच वेळ पेटीकडे बघत बसले.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ११.००
ॲप चढवायला सुरुवात. 'परवानगी नाही' असं सतरा वेळा आलं. माझ्याच घरात मलाच. शेवटी प्रत्येक कमांडच्या आधी सुडो लावला. सुडो म्हणजे, मी मालक आहे, मुकाट्याने कर. लिनक्समधला हा एक शब्द मला मनापासून आवडला.

घरच्या ग्रुपवर नोटीस टाकली. इथे उतरवून ठेवतो:

'सर्वांना कळवण्यात येते की ज्यांच्या फोनमध्ये आईचे व्हिडिओ असतील त्यांनी ते येत्या रविवारपर्यंत काढावेत. यापुढे ते फक्त आपल्या सर्व्हरवर राहतील. एक माल, एक जागा. हुकुमावरून, धनेश.'

निशाने अंगठा पाठवला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी ६.४५
पेटीतून आवाज येतो. टिक. थांबून टिक टिक. डिस्क काम करते आहे. ज्याचं काम चालू असतं त्याचा आवाज होतोच.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी ४.३०
ऐतिहासिक दिवस.

सकाळी बाबांच्या फोनमधला व्हिडिओ स्वतः चढवला. हिरवी टिक आली. मग फोनमधला मूळ व्हिडिओ उडवला. कचरापेटीत तीस दिवस पडून राहतो म्हणे, म्हणून तीही रिकामी केली. काम करायचं तर पूर्ण करायचं. बाबा विचारत होते, गेली का? म्हटलं, गेली नाही, जागेवर लागली.

बाबांच्या फोनवर आपलं ॲप टाकून दिलं. आईच्या फोटोवर बोट ठेवलं की सर्व्हरवरून व्हिडिओ सुरू. बाबांची जुनी सवय आहे. जेवल्यावर व्हिडिओ लावायचा आणि फोन कानाला धरायचा. बघत नाहीत, ऐकतात. रोज, सव्वाचार मिनिटं. आज ॲपमधून लावून दिला. कानाला धरला. डोळे मिटले. चालला!

निशाला फोन केला. तुझे दोन काढलेस का? काढले म्हणाली. रजिस्टरला नोंद: निशा, व्हिडिओ दोन, काढले. बरोबर.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी १०.२०
ॲप चेहरे ओळखतं. आईचा चेहरा गोल करून त्याने विचारलं, ही व्यक्ती कोण? मी टाइप केलं: तुळसा. 

निशाचे दोन व्हिडिओ अजून दिसत नाहीत. इंडेक्सिंग, म्हणजे ॲपचं माल नोंदवणं, चालू असेल. घाई करून चालत नाही.

सुश्रुतला फोनवरून टिक टिक ऐकवली. पेटीला फोन लावून पूर्ण एक मिनिट. तो म्हणाला, धनेशराव, आजच्या आज दुसरी प्रत काढा. मी म्हटलं, बघू. लोकांना दुसऱ्याच्या घरचा सर्व्हर बघवत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर. सकाळी ७.००
टिक टिक वाढली आहे. बाबा म्हणतात, पेटीन कोनतरी दार ठोकतंय. म्हातारपण.

शनिवार, ६ डिसेंबर. सकाळी ९.१५
सकाळी लाईट गेली आणि आली. पेटी आपोआप चालू झाली. ॲपही. ॲपच्या माथ्यावरची पाटी हिरवी: सर्व ठीक. याला म्हणतात सेटअप.

आणि आवाज बंद! टिक नाही, काही नाही. खोली एकदम शांत. महिनाभराने डिस्क सेट झाली. मी कल्पिताला म्हटलं, बघ, नवीन सून आणि नवीन मशीन, दोघींना रुळायला महिना लागतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि भाजी चिरत राहिली. बायकोला टेक्निकल विनोद कळत नाहीत.

सगळे फोटो तपासले. एकूण एक चौकोन दिसतो. आईही दिसते, तोंड उघडलेलं, हात वर, पहिली ओळ उचलतानाची.

रविवार, ७ डिसेंबर. दुपारी २.३०
बाबा जेवून फोन कानाला धरून बसले. आज सव्वाचार मिनिटांऐवजी वीस मिनिटं. ॲप अंगवळणी पडलं त्यांच्या. देवयानीला म्हटलं, ऐंशी वर्षांचा युजर, वीस मिनिटांचा वापर. मोठ्या कंपन्यांना जमत नाही हे.

शुक्रवार, १२ डिसेंबर. संध्याकाळी ७.००
बाबा आज दुपारभर फोन कानाला धरून होते. मधेच डाव्या कानाला, मधेच उजव्या. जेवणात लक्ष नाही. कल्पिताच्या मते त्यांना काहीतरी होतंय. माझ्या मते आठवण येतेय. धवले ऐकून माणूस हळवा होणारच.

सोमवार, १५ डिसेंबर. सकाळी ८.००
बाबा हळूच म्हणाले, धनेश, मना डॉक्टरकडं ने. माजं कान गेलं.

बुधवार, १७ डिसेंबर. दुपारी १२.४५
हाफ डे टाकून बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. हेडफोन लावून तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाच्या मानाने कान चांगले आहेत. थोडं कमी आहे, हवं तर यंत्र लावा.

बाबांनी त्यांना सांगितलं, बाकी सगला आयकू येतं. रिक्षा आयकू येते, कुत्रा आयकू येतो, सुनेचा बोलना आयकू येतं. तीच नाय.

बाईंनी विचारलं, कोण ती? मी मधे पडून म्हटलं, काही नाही, घरगुती. वय झालं की माणूस हवं तेवढंच ऐकतो. यंत्र घ्यायचं ठरवलं.

सोमवार, २२ डिसेंबर. सकाळी ९.००
कानाचं यंत्र आलं. बाबांना बसवून दिलं. त्यांना भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. शेजारच्या टॉवरची लिफ्टसुद्धा. म्हणाले, सगला लय मोठा झाला. मग फोन घेऊन आत गेले.

अर्ध्या तासाने यंत्र हातात घेऊन बाहेर आले. म्हणाले, हा पन फुकट.

ॲडजस्ट व्हायला वेळ लागतो. पत्रकात लिहिलंय तसं.

गुरुवार, १ जानेवारी २०२६. सकाळी ७.३०
संकल्प, नवीन वर्षाचे: १) रोज चालणं. २) निशाच्या दोन व्हिडिओंचं इंडेक्सिंग का होत नाही ते शोधणं. ३) बाबांशी रोज दहा मिनिटं बोलणं.

पाटी हिरवी. सर्व ठीक. सव्वीस दिवस सलग चालू.

सोमवार, ५ जानेवारी. सकाळी ७.००
चालायला गेलो नाही. धुकं.

रविवार, ११ जानेवारी. दुपारी ३.००
बाबा आता कुणी बोललं तरी लक्ष देत नाहीत. फोन कानाला धरून पलंगावर बसतात आणि दुसऱ्या हाताने कान चोळतात. कान लाल झालाय. कल्पिताने हळद लावली. म्हणाली, एकदा त्या ॲपकडे बघा. मी तिला फोन उघडून दाखवला. हा चौकोन, ही आई, ही हिरवी पाटी. अजून काय बघायचं?

रविवार, १८ जानेवारी. दुपारी २.१०
कल्पिताने आज बाबांच्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. बराच वेळ धरला. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग तिने फोन माझ्या हातात दिला.

आईच्या फोटोवर एक गोल फिरतोय. फिरतोय, फिरतोय. आवाज नाही.

नेटवर्क असेल.

त्याच दिवशी. दुपारी ४.४०
नेटवर्क नाही. पेटी सहा वेळा बंद-चालू केली. प्रत्येक वेळी मोठी डिस्क तीनदा टिक करते, घासल्यासारखा आवाज येतो आणि गप्प होते. 'तुळसा' या नावावर बोट ठेवलं. लिहून आलं: व्हिडिओ, शून्य.

हिरवी पाटी अजून हिरवीच.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.००
सुश्रुतला फोन. त्याने दोनच प्रश्न विचारले. आवाज कधी बंद झाला? ६ डिसेंबर. मूळ प्रत कुणाकडे आहे? उडवली.

त्याने समजावलं. दिसतात ते चौकोन म्हणजे नखाएवढ्या प्रती. ॲप त्या छोट्या डिस्कवर ठेवतं. मूळ माल मोठ्या डिस्कवर, आणि मोठी ६ डिसेंबरलाच गेली. मला गोदामाच्या दारावरचा बोर्ड दिसत होता, आत माल नव्हता. एवढं बोलून तो म्हणाला, आता एक करा, ती पुन्हा चालू करू नका. जितक्या वेळा चालू कराल तितकी आतून खरवडेल.

सहा वेळा केलं ते सांगितलं नाही.

म्हणजे बाबा ६ डिसेंबरपासून रिकामा फोन कानाला धरून बसले होते. त्रेचाळीस दिवस. आणि मी त्यांना कानाचं यंत्र बसवून दिलं.

सोमवार, १९ जानेवारी. सकाळी ९.३०
घाबरायचं कारण नाही. निशाचे दोन आहेत. सर्व्हरवर नसले तरी तिच्या फोनवर असणारच, कारण चढलेच नव्हते. आपली सिस्टिम अशी वेळप्रसंगी वाचवते.

रजा टाकली. कोपरीला निघालो.

त्याच दिवशी. दुपारी १.२०
निशाकडे नाहीत.

ती म्हणाली, तूच ग्रुपवर हुकूम काढलास ना, आईचे व्हिडिओ काढा म्हणून. काढले.

मी म्हटलं, काढा म्हणजे बाहेर काढा. सर्व्हरवर टाकायला. ती म्हणाली, मला काय माहीत? वर लिहिलेलंस, यापुढे फक्त सर्व्हरवर राहतील. मला वाटलं तुझ्याकडे आधीच आहेत. काढा म्हणजे काढून टाका. फोनमधून दुसरं काय काढतात?

मी सांगत राहिलो की फोटो काढतो म्हणजे काय उडवतो का आपण? आठवण काढतो म्हणजे काय डिलीट करतो का? मराठी साधी आहे. ती रडायला लागली. म्हणाली, डिलीट करताना एकदा शेवटचं ऐकलं होतं रे. त्यात आई मधेच थांबून मला पाणी मागते.

कचरापेटी पाहिली. तीस दिवस कधीच होऊन गेले.

परत येताना स्टेशनच्या पुलावर नोटीस पुन्हा वाचली. 'काढावेत.' खाली माझं नाव. हुकुमावरून.

गुरुवार, २९ जानेवारी. दुपारी ३.३०
बिघडलेल्या डिस्कमधला माल काढून देणाऱ्या ठाण्यातल्या एका रिकव्हरीवाल्याकडे दिलेली डिस्क परत आणली. त्याने उघडून बघितली. आत तबकडीवर गोल ओरखडे, माल काही निघाला नाही. किती वेळा चालू-बंद केली, त्याने विचारलं. एकदोनदा, मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली.

घरी आलो तर बाबा पेटीसमोर उभे. पेटी उघडी. आतली जागा रिकामी. ती खय गेली, त्यांनी विचारलं.

तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, सर्व्हिसिंगला नेलेली, बाबा. तुमचे कान चांगले आहेत, मीच तिला बंद करून ठेवली होती. सारखी वाजवली तर झिजते. आता एकदम मांडवाच्या दिवशी, मुहूर्तावर.

बाबांनी कानाला हात लावला. दोन्ही. मग लहान मुलासारखे हसले. म्हणजे मी भईरा नाय, म्हणाले. मग डोळे पुसले.

डिस्क पुन्हा पेटीत बसवली. चार स्क्रू. बाबा टॉर्च धरून उभे होते.

रविवार, १ फेब्रुवारी. दुपारी ४.००
नवीन प्लॅन. गंगुमावशी!

आईची थोरली बहीण, खडवलीला असते. तीही धवलारीण. दहा वर्षांपूर्वी दम्यामुळे सोडलं. पण दोघींचा आवाज एका मडक्यातला. लहानपणी अंगणातून कोण हाक मारतंय ते मला कळत नसे. मावशीचा आवाज भरून घ्यायचा, मांडवात लावायचा. बाबा खूश, विषय संपला. सुश्रुतच्या सूचनेप्रमाणे तीन प्रती.

त्याच दिवशी. रात्री ८.००
खडवलीहून आलो. मावशी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. माझा फोन बघितल्यावर तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, मांडव नाय, हलद नाय, नं धवला कसा बोलू? धवला बोलला का देव येऊन उभं रतान. त्यांना काय सांगू, पोरगा टेप भरतंय?

मी म्हटलं, फक्त चार मिनिटं. तिने सांगितलं, फोन समोर धरला का माजा शब्द पलतो. मांडवान येईन. एक धवला बोलेन. फोन दिसला तर उठून जाईन.

मग विचारलं, तुळसाचा हाय ना तुज्याकडं भरलेला? म्हटलं, हाय. मेंटेनन्सला आहे.

तिने पुन्हा सूप उचललं. दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, बाप हाय तवर सांग त्याला.

रविवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ८.१५
आज बाबांना सांगायचं. चहानंतर.

त्याच दिवशी. सकाळी ९.००
चहाला निशाकडची माणसं आली. उद्या.

सोमवार, ९ फेब्रुवारी
उद्या.

शनिवार, १४ फेब्रुवारी. दुपारी १२.३०
बाबांनी पेटीला कुंकू लावलंय. वर झेंडूचं फूल. येणाऱ्या-जाणाऱ्याला खोलीत नेऊन दाखवतात. म्हणतात, तुळसा हतं हाय. धनेशनं ठेवलीय. मुहूर्ताला उघडणार.

भावकीतली दोन माणसं पेटीला नमस्कार करून गेली. मी त्यांना पाणी दिलं.

पाटी हिरवी आहे. ती बंद कशी करतात ते सापडत नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.००
कल्पिताने शेवटचं विचारलं, तुम्ही सांगता की मी सांगू? म्हटलं, मांडवाच्या दिवशी मीच सांगतो. गर्दीत माणसाला धक्का कमी बसतो. ती म्हणाली, तुमचं स्टोअर्सचं डोकं घरात आणू नका. असं ती आमचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बोलली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. सकाळी ६.३०
मांडव. आंब्याची, उंबराची डहाळी आली. केळीचे खांब लागले. बाबांचे पाय सुजलेत, अंगणात बसवत नाही, म्हणून त्यांच्या खोलीतच खिडकीशी खुर्ची टाकली. बाजूला पेटी. त्यांनी नवीन धोतर नेसलंय, कानात यंत्र घातलंय. मला बोलावून विचारलं, लावतंस ना?

म्हटलं, मांडवात पाणी शिंपडून येतो.

गंगुमावशी पहिल्या गाडीने आली. तिने सगळ्यांचे फोन परातीत ठेवायला लावले. व्हिडिओवाल्याचा कॅमेरासुद्धा. परात कल्पिताच्या हातात.

त्याच दिवशी. दुपारी १२.००
जमेल तसं लिहितो.

मी सांगायलाच गेलेलो. खरंच. बाबांसमोर उकिडवा बसलो, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, बाबा, त्या पेटीत. एवढंच बोललो. तेवढ्यात बाहेर मावशीने उचललं.

'मांडव घातला गो हिरव्या पानांचा, पयला मान गो कुळीच्या देवांचा.'

दम लागलेला, बारीक, पण आईचाच. बाबांनी खिडकीकडे बघितलंच नाही. पेटीकडे बघितलं. खुर्चीसकट तिच्याकडे वळले, वाकले आणि पत्र्याला कान लावला. डोळे मिटले.

 त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आई गेल्यापासून बघितलेलं नाही. मी म्हणू शकलो असतो, बाबा, ती बाहेर आहे, ती गंगुमावशी आहे. वेळ होता. धवला चार मिनिटं चालला. मी काही बोललो नाही.

संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, आयली रं. आयली. मग कानातलं यंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटवली.

बाहेर येऊन त्यांनी भिंत धरून भावकीला सांगितलं, माज्या पोरानं माजी बायको परत आनली. लोक टाळ्या वाजवायला लागले. कल्पिता परात घेऊन उभी होती. तिने तोंड फिरवलं. मावशीने पदर तोंडाला लावला.

त्याच दिवशी. दुपारी ३.४०
मावशी गेली. संध्याकाळी हळदीला डीजे आहे, तो तिला सोसत नाही. रिक्षात बसवताना विचारलं, परत कधी येशील? माझा हात बाजूला केला तिने. म्हणाली, आता माजा धवला सरला, धनेश. हा शेवटचा.

अंगणात खुर्च्या लावतोय. दोनशे सांगितलेल्या, एकशे ऐंशीच आल्या आहेत. तिसऱ्यांदा मोजल्या.

देवयानी आतून आली. हातात हळदीची वाटी. म्हणाली, पप्पा, आजोबा पेटीपुढे बसलेत, तुम्हाला बोलावतात.

काय म्हणतात, मी विचारलं.

परत लाव म्हणतात.